एक कान मागं

तात्या,

नरसिंहपूरला संगमावर तुमचा दहावा झाला आणि कावळा शिवला तो लगेच. पिंड ठेवून माणसं नीट मागं सरकलीही नव्हती. खरं सांगायचं तर लोक थोडे हिरमुसलेच. बावड्यातून, इंदापुरातून, पार वडगाव निंबाळकरावरून माणसं आली होती. उन्हात हात जोडून ताटकळायची तयारी ठेवून आली होती, आणि तुम्ही कुणाच्या कपाळाला घामसुद्धा येऊ दिला नाही. नवरदेव मांडवात वेळेवर पोचला पाहिजे हा तुमचा जन्माचा खाक्या, तो तिथंही सोडला नाहीत.

सगळ्यात मोठी पंचाईत माझी झाली. कावळा अडून बसला तर पुढं होऊन काय म्हणायचं, ते वाक्य मी इंदापूरपासून मोटारसायकलवर घोकत आलो होतो. "तात्या, तुमचा आणि मैनेचा, दोघांचाच, मोठा फोटो करून स्टुडिओच्या काचेत लावतो." चारचौघांत बोलायचं म्हणून घसा खाकरून तयार होतो. तेवढ्यात कावळा आला, शिवला, उडून गेला. तुमचा संजय माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बरं झालं काका. तात्यांचं काय राह्यलं नव्हतं."

मला रागच आला. राहिलं नव्हतं कसं? आपलं एवढं मोठं भांडण राहिलंय.

ते वाक्य अजून माझ्या घशात आहे. म्हणून हे लिहायला बसलोय. तुम्ही असता तर म्हणाला असता, लिवतोस कशाला, फोटू काढ. ऐका तरी.

ज्यांच्या लग्नात तुम्ही नव्हता अशी थोडी माणसं या भागात असतील, त्यांना एवढंच सांगायला हवं की तुम्ही नवरदेवाची घोडी धरायचा. लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या पाया पडायला निघतो, तो परण्या. इंदापूर, बारामती, दोन्हीकडं परण्या म्हटलं की बावड्याच्या भिवातात्यांची मैना. पांढरीशुभ्र, पायांत घुंगरं, कपाळावर कलगी, पाठीवर आरशांची झूल. आणि तिच्या तोंडाशी तुम्ही. नवरदेवाचा फेटा लग्नघरची माणसं घाईघाईत बांधत; तुमचा तुम्ही पहाटेपासून बांधत. मिशीला तेल. पांढऱ्या शर्टाला अशी खळ की शर्ट एकटासुद्धा उभा राहिला असता.

माझ्या धंद्यात घोडीवाल्याचं एक ठरलेलं असतं. फोटोग्राफरनं कॅमेरा उचलला की घोडीवाला घोडीच्या मानेआड होतो. फोटोत फक्त त्याचा लगाम धरलेला हात येतो, तो मी नंतर कापतो. सगळे घोडीवाले असं करत. तुम्ही नाही. मी कॅमेरा उचलला की तुम्ही मानेच्या पुढं येत, मिशीवरून बोट फिरवत आणि नवरदेवाच्या आधी लेन्सकडं बघत. लग्नघरचे अल्बम उघडून मला विचारत, "लग्न कुणाचं होतं हो, आमच्या पोराचं का या फेटेवाल्याचं?" एका नवरीच्या आजीनं तर तुम्हालाच नवरदेवाचे वडील समजून अल्बममधल्या तुमच्या फोटोला नमस्कार केला होता. मी कापत गेलो, तुम्ही येत गेला. आपली मैत्री झाली ती अशी.

आणि महिन्यातून एकदा तरी तुम्ही इंदापुरात स्टँडजवळ माझ्या दुकानासमोर उभे राहायचा, हात मागं बांधून, काचेतल्या मोठ्या फोटोंकडं बघत. आत येऊन म्हणायचा, "काचंत समदे नवरदेव. घोडी हाय, घोडीवरचं हाय. आन् घोडी ज्याची हाय त्यो कुठं हाय रं?"

मी म्हणायचो, "तात्या, धंदा आहे. गिऱ्हाईक नवरदेवाचे पैसे देतं."

"मग तिच्याकडं बघ की एकदा. ती कुठं बघती?"

खरं होतं. माझ्या काचेतल्या एकाही फोटोत मैना नवरदेवाच्या गर्दीकडं, हलगीकडं, कॅमेऱ्याकडं बघत नव्हती. सगळ्या फोटोंत ती चौकटीच्या बाहेर कुठंतरी बघायची. चौकटीबाहेर, जिथं मी तुम्हाला कापलं होतं तिथं. बघणाऱ्यांना वाटायचं, घोडी विचारात आहे.

वडगाव निंबाळकरचं लग्न आठवतंय ना? नाही म्हणू नका, ते तुम्ही मरेपर्यंत सांगत होता, आणि दर वेळी माझी फजिती थोडी वाढवून सांगत होता. आज मी सांगतो. फजिती मूळचीच पुरेशी आहे.

नवरदेव पुण्यात नोकरीला होता. गॉगल, शेरवानी, तोंडासमोर मुंडावळ्या. त्याच्या वडिलांनी मला बजावलं होतं की घोडीवाला एकाही फोटोत नको. मारुतीसमोर परण्या थांबला. मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि म्हणालो, "तात्या, जरा बाजूला."

तुम्ही थोडं सरकला.

"अजून जरा."

अजून थोडं सरकला. मग विचारलंत, "किती बाजूला?"

आणि मी शहाण्यानं म्हटलं, "अजिबात दिसणार नाही इतकं."

"बरं, दिलीपराव," तुम्ही म्हणालात.

तिथंच मला कळायला हवं होतं. तुमच्या तोंडी मी एरवी दिल्या. दिलीपराव झालो की समजायचं, आपलं काही खरं नाही. पण मी चौकटीत गुंग. तुम्ही दोर मैनेच्या मानेवर टाकला, हात मागं बांधले आणि चालू लागलात. चौकट एकदम मोकळी झाली. नवरदेव, घोडी, मागं मारुतीचा कळस. मनाजोगती चौकट मिळाली म्हणून मी श्वास रोखला, आणि चौकटीतून घोडी निघून गेली. नवरदेवासकट.

मागं वळूनही न बघता तुम्ही पुढं, तुमच्या मागं मैना, मैनेवर मुंडावळ्या तोंडात गेलेला नवरदेव. हलगीवाल्यांना वाटलं घोडी नाचायला लागली, त्यांनी जोर धरला. नवरदेवाचा मामा ओरडत होता, "अरं, ह्यो कुठं चालला?" वरातीतली अर्धी माणसं घोडीमागं गेली, अर्धी तिथंच उभं राहून परण्या कुठल्या रस्त्यानं आहे ते विचारत राहिली. मी पळालो. पळता पळता कुणाच्यातरी गोठ्यासमोरच्या गव्हाणीत पाय गेला आणि मी कडब्यात आडवा झालो. पडताना बोट बटणावर दाबलं गेलं. त्यात कला बिला काही नव्हती, धडपड होती.

तुम्ही थांबलात ते दूध डेअरीजवळच्या चहाच्या टपरीवर. मी कडबा झटकत पोचलो तेव्हा मैनेनं तुमच्या खांद्यावर हनुवटी टेकवली होती, आणि तुम्ही मान वर करून नवरदेवाला विचारत होता, "च्या घेणार का, पाव्हणं?"

बिचाऱ्यानं घेतला. घोडीवर बसूनच.

तो फोटो धुऊन आला तेव्हा मी दुकानात एकटाच होतो आणि खुर्चीतून उठलो. चौकटीच्या डाव्या कडेला तुमची पाठ. कडक पांढरा शर्ट, फेट्याचा शेमला, मागं बांधलेले हात. आणि तुमच्यामागं मैना, मान लांब, दोन्ही कान तुमच्या पाठीकडं रोखलेले, जणू त्या पाठीवर तिचं गाव लिहिलं होतं. वर तो नवरदेव, पण तो नसता तरी चाललं असतं. इतकी वर्षं मी लग्नं काढली. कोण कुणाच्या मागं जाणार आहे, हे एवढं स्वच्छ मी एकाही नवरानवरीच्या फोटोत पाहिलं नव्हतं.

नवरदेवाच्या वडिलांनी हात जोडले: हा फोटो अल्बममध्ये नको, काचेत तर नकोच. मी शब्द दिला. पण एक मोठी प्रत काढून तुमच्याकडं बावड्याला आलो, छाती फुगवून. तुम्ही फोटो हातात धरला, लांब धरला, जवळ धरला.

"पाठ हाय ही."

"हो तात्या, पण मैना बघा."

"मिशी कुठं हाय?"

"मिशी नाही आली, पण..."

"फोटू म्हंजी मानसाचं तोंड, दिल्या. पाठीला कोन वळखतं?"

"मैना ओळखते."

तुम्ही आत हाक मारून चहा सांगितला. पण हार मानली नाहीत. तो फोटो तुम्ही भिंतीवर लावला नाही, फेकलाही नाही. मैनेच्या खोगिराखाली, कापडात गुंडाळून ठेवलात. भांडण तिथं सुरू झालं. मी म्हणायचो, घोडीचं आणि माणसाचं नातं पाठीत दिसतं. तुम्ही म्हणायचा, मग पुढनं बघणाऱ्यानं काय करायचं?

त्या एका फोटोनं मला खाज लागली. मग आपण दोघं माझ्या मोटारसायकलवर या भागातली घोडी आणि त्यांची माणसं शोधत हिंडलो. मागं तुम्ही, वाऱ्यात उडणारा तुमचा शेमला माझ्या तोंडावर. किती वेळा मी त्या शेमल्यापायी खड्ड्यात घातली असेल गाडी. वीटभट्टीवरचं घोडं, जत्रेत पोरांना फेरी मारून आणणारं तट्टू, आणि तुटलेल्या उसाच्या रानात उतरलेला मेंढपाळांचा तळ. त्या तळावर एक मावशी घोड्यावर बिऱ्हाड लादत होती. भांडी, वाकळ, खुराडं, खुराड्यात कोंबड्या, आणि सगळ्यात वर दोन कोकरं. लादताना ती घोड्याला एकसारख्या शिव्या देत होती. त्याचं खाणं, त्याचं चालणं, त्याची आई, कशालाही सोडत नव्हती. मी माया टिपायला गेलो होतो. कॅमेरा गळ्यात घालून वाट बघत बसलो, ही कधी त्याला कुरवाळते. शेवटी धीर करून म्हणालो, "मावशी, जरा प्रेमानं बघा की त्याच्याकडं."

तिनं घोडं सोडलं आणि त्याच शिव्या मला द्यायला सुरुवात केली.

तुम्ही बांधावर बसून पोट धरून हसत होता. मग म्हणालात, "आईकल्यास न्हवं? मग घे की फोटू. ह्येच हाय त्ये." आणि खरंच, तिच्या तोंडात शिवी आणि घोड्याचं नाक तिच्या पदरात, असा तो फोटो आला. पुढं बारामतीत एका शाळेच्या सभागृहात आपण ते सगळे फोटो लावले. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला कलावंत समजून कोपऱ्यात गंभीर उभा राहिलो. लोक येत होते आणि सरळ तुमच्याकडं जात होते. तुम्ही पूर्ण पोशाखात, दारात, प्रत्येक फोटोतल्या घोड्याचं घराणं सांगत होता. फोटोंकडं कुणी बघेना, तुमच्याबरोबर सेल्फी काढायला रांग. त्या दिवशी मला तुमचा इतका हेवा वाटला, आणि त्याहून जास्त अभिमान, की मी दोन्ही लपवायला बाहेर जाऊन भेळ खाल्ली.

त्या भिंतीवर तुमचा फोटो मात्र नव्हता. कारण तुम्हाला पसंत पडेल असा निघेचना. मुद्दाम उभं केलं की तुम्ही खांबासारखे ताठ आणि मैना तिसरीकडं बघायला मोकळी. दोघं एकमेकांची ओळख नसल्यासारखी. निघालाच तर तुम्ही खोड काढायचा. हितं फेट्याला चुणी हाय. हितं तिचा कान वाकडा हाय. हितं मी म्हातारा दिसतूय. मी म्हणायचो, तात्या, तो दोष कॅमेऱ्याचा नाही.

मग धाप लागायला लागली. मारुतीपासून मांडवापर्यंत चालणं होईना. डॉक्टरनं घोडी धरणं बंद करायला सांगितलं, आणि घरात एकच प्रश्न उरला, तो सगळ्यांच्या तोंडावर होता आणि कुणाच्या तोंडात येत नव्हता. मैना दुसऱ्या कुणाच्या हातानं पाऊल उचलत नव्हती. संजयनं दोर धरला, ती खांब झाली. तुमच्या चुलतभावानं ओढून पाहिलं, तिनं त्याचा फेटा दातांत धरला. संजयची कंपनीत पाळी, त्याचा तरी काय इलाज. दलाल येऊन तिचे दात बघून गेला. त्या दिवशी तुम्ही अंगणात बाजेवर बसला होता. मी शेजारी. मैनेकडं बघत म्हणालात,

"दुसऱ्याच्या हातानं चालली न्हाय, तर इकावी लागंल. कुठं जाईल, कोन मारंल, काय ठावं." मग दम खाऊन म्हणालात, "आन् चालली, तर माझं काय रं, दिल्या?"

मी उठून मैनेपुढं वैरण टाकली. तिच्यापुढं आधीच ढीग होता, नोंद असू द्या.

पण तुम्ही बसून राहिला नाहीत. सुनेला हाक मारली. मंगल. वैरणपाणी तीच करायची, पण दोराला तिनं कधी हात लावला नव्हता. घोडी तुमची होती. तुम्ही दोर तिच्या हातात दिला आणि स्वतः बाज फिरवून भिंतीकडं तोंड करून बसला. का, तर तुम्ही दिसला की मैना मंगलकडं बघायची नाही. खाकरायची बंदी. मैनेला गूळ द्यायची बंदी. तिला "च्यक च्यक" करून बोलवायची बंदी. माणसांच्या अल्बमात घुसण्यात जन्म घालवलेला माणूस आपल्याच अंगणात चौकटीबाहेर बसला होता, आणि कुणी त्याला कापलं नव्हतं.

मी मदत करायला गेलो, म्हणजे काय होणार ते ठरलेलंच. मला वाटलं, तात्यांचा आवाज काढून बघू, घोडी चालेल. मी तुमच्यासारखं "च्यक च्यक" केलं. मैना आली, मला नीट हुंगलं, खोटा माल आहे हे तिला कळलं, आणि माझ्या पायावर पाय देऊन उभी राहिली. मंगल हसत हसत तिला ढकलत होती. तुम्ही भिंतीशी बोललात, "काय झालं गं?"

"काई न्हाय तात्या. काकांचा फोटू निघाला."

आणि मैना हलली. मंगलच्या हसण्याला की ढकलण्याला, मला माहीत नाही. माझा अंगठा सुजला, पण पहिलं पाऊल पडलं. माझ्या अंगठ्याचं हे कार्य कुणी मानत नाही.

पहिली परीक्षा बावड्यातच, शेजारच्या घरच्या लग्नात. नवरदेवाच्या आत्यानं विचारलंच, "बाई धरणार व्हय घोडी?" तुम्ही म्हणालात, "घोडी बी बाईच हाय, आक्का. तिला चालतंय. तुमाला काय?"

तुम्ही मारुतीसमोर लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. काम नव्हतं तरी पूर्ण पोशाख. मंगलनं नवी नऊवारी नेसली होती आणि तुमचाच एक फेटा बांधला होता, तुम्ही बांधून दिलेला. मी नवरदेवाच्या पुढं असायला हवं होतं, परण्या निघतानाचा फोटो हा अल्बमचा जीव. पण माझी बॅटरी संपली, म्हणजे मी आदल्या रात्री चार्जिंगला लावायची विसरलो होतो, म्हणून देवळाच्या भिंतीजवळ सावलीत दुसरी घालत उभा होतो.

हलगी सुरू झाली. मंगलनं दोर धरला. मैना हलली नाही. तिनं तुमच्याकडं मान केली. मग परण्यातल्या सगळ्या माणसांनी तुमच्याकडं मान केली. हलगीवाल्याचे हात मंदावले. मंगल हळू आवाजात म्हणत होती, "चल गं बाई. चल."

तुम्ही उठलात. मला वाटलं, गेले हे. आता दोर धरणार, आणि सगळं मुसळ केरात. तुम्ही खुर्ची उचलली, फिरवली आणि देवळाच्या भिंतीकडं तोंड करून बसलात. मैनेकडं पाठ. म्हणजे माझ्याकडं तोंड. मी कॅमेरा उचलला. तुम्ही लेन्सकडं बघत होता पण मला बघत नव्हता. तुम्ही ऐकत होता.

घुंगरं वाजली. थांबली. मग वाजली ती वाजतच राहिली.

"गेली का रं?"

"गेली, तात्या."

"मागं बघितलं का?"

मी डोळा लावूनच होतो. "नाही. सरळ गेली."

"शाबास," तुम्ही म्हणालात. कुणाला, ते मी विचारलं नाही. मिशीवरून बोट फिरवलंत, दोन्हीकडं, नीट.

नवरदेवाची माणसं मला शोधत आली. परण्या निघताना नवरदेवाचं तोंड दिसेल असा एकही फोटो माझ्याकडं नव्हता. त्यांचे शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत, मेंढपाळ मावशी बरी म्हणायची. ते गेल्यावर मी तुम्हाला कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो दाखवला. समोर तुम्ही, मिशी, फेटा, एक चुणी नाही. मागं लिंबाच्या सावलीतून निघालेली मंगल आणि मैना. तुम्ही डोळे बारीक करून बघितलं.

"हितं मिशी हाय. पन घोडीचं ढुंगण हाय." आणि मग धाप लागेपर्यंत हसलात. "एकदा माझी पाठ, एकदा तिची. दोघं समोर कवा घेनार रं तू?"

मी म्हणालो, पुढच्या लग्नसराईत. ती आपली शेवटची तारीख. तुम्ही पाळली नाहीत.

तुम्ही गेलात त्या सकाळी हार घालायला फोटो हवा होता. संजय म्हणाला, काका, चांगला द्या. माझ्याकडं तुमच्या तोंडाचे इतके फोटो निघाले की मीच थक्क झालो, सगळे दुसऱ्यांच्या लग्नातले. त्यातला झकास मिशीवाला निवडला आणि जन्मात पहिल्यांदा नवरदेव कापला. तरी तुमच्या खांद्याशी एक मुंडावळीची लड राहिलीच. कुणाच्या लक्षात आली नाही. आली असती तरी, तुम्हाला शोभत होती. मैनेच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून पाहुणे एकमेकांना दाखवत होते. मंगल म्हणाली, माशी बसली होती. मैनेनं वेळच्या वेळी वैरण खाल्ली. मला ते फार बरं वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं. उपाशी घोडी बघून तुम्ही कुणालाच माफ केलं नसतं.

दहाव्याला तो वडगावचा नवरदेव आला होता. आता डोक्यावर केस कमी आणि हाताला दोन पोरं. मला बाजूला घेऊन म्हणाला, तो पळवून नेल्याचा फोटो अजून आहे का, पोरांना दाखवायचाय. मी म्हटलं, तुमच्या वडिलांना शब्द दिलाय. तो म्हणाला, "वडीलच मागतायत. लावा की काचेत."

म्हणून परवा मी दुकानातले सगळे नवरदेव काचेतून काढले. मंगलला विचारून खोगिराखालचा तो फोटो आणला. आणि त्याच्याशेजारी लावायला तो दुसरा, लिंबाखालचा, माझ्याच्यानं होईल तेवढा मोठा करायला घेतला. मंगल झूल धुऊन आली होती. तिच्या पुढच्या तारखा लागल्यात, आक्कांच्या नातवाचीसुद्धा. ती माझ्यामागं उभी राहून मोठ्या पडद्यावर बघत होती. समोर तुमची मिशी एकेक केस मोजावा अशी. मागं ती स्वतः, पदर खोचलेला, मान ताठ. म्हणाली, "मी बरी दिसतीय की." मग बोट पुढं करून म्हणाली, "काका, हे काय?"

तात्या, तुम्ही मला विचारलं होतं, मागं बघितलं का. मी नाही म्हणालो. एवढे दिवस मीही तेच खरं धरून चाललो होतो. माझं उत्तर चुकलं. आपल्या दोघांतलं भांडण मिटवणारं एकच उत्तर होतं, ते मी डोळा लावून असताना चुकवलं. तुम्ही पाठ फिरवून बसला होता, तुम्हाला दिसणं शक्य नव्हतं. छोट्या पडद्यावर मलाही दिसलं नाही.

मान वळली नव्हती, ते खरं. डोळे मंगलकडं होते. एक कान तिच्याकडं, पुढं.

दुसरा कान मागं होता, तात्या. सरळ तुमच्याकडं.